साताऱ्याचं मोफत हायस्कूल



कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या जैन समाजातले, कुंभोजचे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत येऊन आंघोळ करायला तयार झाले नाहीत आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, हे सांगताना आपला आवाज जरा खाली जातो.

१९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे सगळ्या जातींची मुलं मिळून रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळात, बरं का!

१९४० मध्ये साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, मोफत आणि निवासी. मी कॉमर्सची, ‘मोफत’ शब्द दिसला की जमाखर्च शोधते. इथे जमेच्या बाजूला मुलांचे स्वतःचे हात होते. वर्ग सुटला की शेतात राबायचं, पडेल ते काम करायचं. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हेच.

मात्र या खात्यातली पहिली मोठी रक्कम लक्ष्मीबाईंची, भाऊरावांच्या पत्नीची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातल्या त्या बाईंनी वसतिगृहातल्या सगळ्या मुलांना आपलं म्हटलं. धान्य संपलं तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. हायस्कूल त्यांना पाहायला मिळालं नाही.