छंद आणि ठेवा

संग्रहाची हौस लहानपणीं बहुतेकांना असते. पोस्टाचीं तिकिटें, आगपेट्यांवरचीं चित्रें, कांहीं ना कांहीं मुलें जमवितात आणि मोठीं होतांच टाकून देतात. थोड्यांचा मात्र हा नाद जन्मभर सुटत नाहीं. पोटापाण्याचा उद्योग संभाळून ते जमवीतच राहतात, आणि घरचीं माणसें त्या संग्रहाला अडगळ म्हणतात. ही अडगळ ठेवा केव्हां होते, याचें उत्तर खानदेशांत, धुळें शहरीं सांपडतें.

धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांना नाद होता तो समर्थांच्या वाङ्मयाचा. १८९३ सालीं त्यांनीं तेथें सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठांतून बाडें मिळविण्यास आरंभ केला. कित्येक बाडांची मठांत नित्य पूजा होई. पण उघडून वाचणारा विरळा, आणि वाळवीला पूजेचें भय नसतें. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून देवांनीं १९०५ सालीं दासबोध छापला, आणि एका मठांतली वस्तु घरोघर पोंचली.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा नाद याहून अफाट. गांवोगांव पायपीट करून त्यांनीं जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड काढले. त्यांतील पहिला १८९८ चा. पत्र हातीं आलें म्हणजे काम संपलें, असें नसे. पुष्कळ मोडी पत्रांवर ‘छ’ या अक्षरापुढें मुसलमानी महिन्याची तारीख असते, साल नसतें. असलेंच तर सुहूर सन असतो, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हां इसवी सन निघतो. साल चुकलें कीं लढाईनंतरचें पत्र लढाईपूर्वीचें ठरतें. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच राजवाडे वारले. मागें उरलेल्या कागदांची पांगापांग होण्यास वेळ लागला नसता. परंतु १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें आणि कागद वांचले.

विद्वानांच्या कागदांना लागू पडणारा हा नियम खेळण्यांनाही लागू पडतो. अमेरिकेंत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांचे पुठ्ठे मिळत. जेफर्सन बर्डिक नांवाच्या, संधिवातानें जखडलेल्या एका कारखान्यांतील कामगारानें तीन लाखांवर छापील पुठ्ठे जमविले, १९३९ सालीं त्यांची सूची छापली, आणि १९४७ पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिले. वह्यांत ते चिकटविण्याचें काम १९६३ च्या जानेवारींत संपलें. मार्चमध्यें तो वारला.

देव, राजवाडे आणि बर्डिक यांच्या वस्तूंत साम्य कांहींच नाहीं; रीत मात्र एक. जमविलेलें लावून ठेवलें, त्याची ओळख लिहिली, आणि तें स्वतःच्या घराबाहेर सुरक्षित जागीं पोंचलें. जळगांव-धुळ्याच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर कापसाच्या पेढ्यांच्या वह्या, गहाणखतें, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती अजून असतील. दिवाळीच्या झाडलोटींत त्या रद्दींत जाण्यापूर्वीं, कोणाच्या आणि कोठें मिळाल्या एवढें पेन्सिलीनें लिहून ठेवावें, आणि जुनें बासन सोडून कागद वेगळाले करूं नयेत. छंदाचा ठेवा होण्यास आरंभ एवढ्यानेंच होतो.