आंबेड्याच्या शास्त्र्यांचा कोश

सत्तरी तालुक्यातले आंबेडे हे गाव नकाशावर शोधावे लागते. पण मराठीतल्या एका मोठ्या ग्रंथप्रकल्पाचे मूळ या गावात आहे, हे आपल्यापैकी किती गोवेकरांना ठाऊक असेल? पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा जन्म १९०६ साली इथे झाला. त्यांनी संपादित केलेला ‘भारतीय संस्कृतिकोश’ दहा खंडांचा आहे. पहिला खंड १९६२ साली आला आणि दहावा १९७९ साली. म्हणजे सतरा वर्षे एकच ध्यास!

मराठीत कोशांची परंपरा मोठी आहे. १९२० च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत लिहिला, पण तो इंग्रजीत. शास्त्रीबुवांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. जुन्या पद्धतीचे संस्कृत शिक्षण, कथालेखकाची लेखणी आणि सत्तरीतल्या बालपणाची शिदोरी, एवढेच भांडवल. त्यांच्या कथांवर ‘कन्यादान’, ‘मानिनी’ असे चित्रपट निघाले. नाव आणि वाचक दोन्ही हाताशी असताना या माणसाने गोष्टी बाजूला ठेवून नोंदी लिहायला घेतल्या.

घरचे वातावरणही साधे नव्हते. त्यांच्या पत्नी सुधाताई ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशाला सत्याग्रहासाठी उभ्या राहिल्या. पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि तुरुंगात टाकले. ज्या घराने मुक्तीची किंमत मोजली, त्याच घरातून गोवा मुक्त झाल्यावर वर्षभरात कोशाचा पहिला खंड बाहेर पडला.

मी सरकारी कचेरीत कारकुनी करतो. नोंदवही हे माझे रोजचे काम, त्यामुळे कोशाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने बघतो. आमच्या वहीत एखादी नोंद राहिली तर खाली जागा असते, नाहीतर पुरवणी जोडता येते. अकारविल्हे छापल्या जाणाऱ्या कोशात तशी सोय नाही. ‘अ’चा खंड एकदा छापून गेला, की ‘अ’ची राहिलेली नोंद बाहेरच राहते. म्हणून आधी शब्दांची यादी पक्की करायची, प्रत्येक नोंदीसाठी आधार जमवायचे, ते ताडून बघायचे, आणि मग थोडक्यात लिहायचे. देव, तीर्थे, सण, व्रते, पंथ, जाती-जमाती, ग्रंथकार, कला आणि प्रदेश असा या कोशाचा पसारा आहे.

अकारविल्ह्यात आणखी एक गंमत आहे. तिथे मानपान चालत नाही. देवळात कोणी कुठे बसायचे, पालखीला आधी खांदा कोणाचा, यावरून आपल्याकडे कोर्टकज्जे झाले आहेत. कोशात मात्र वेदातली देवता आणि रानातली देवता फक्त अक्षराच्या क्रमाने शेजारी बसतात. जिच्या देवळात मूर्तीऐवजी वारूळ पुजतात, त्या सातेरीच्या मुलखात वाढलेल्या शास्त्र्याला हे शेजार खटकले नसणार.

पण कोशात बसायला आधी कोणीतरी लिहून ठेवावे लागते. हे मला नीट कळले ते गणेशगुडीला. अनमोड घाट चढून रामनगरमार्गे जोयडा तालुक्यातल्या या गावी मी पाहुण्यांकडे गेलो होतो. काळी नदीवर तिथे सुपा धरणाची १०१ मीटर उंच भिंत उभी आहे. हे धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपे गाव आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली, आणि पुष्कळ लोकांना रामनगरला वसवले गेले. तालुक्याचे सुपे हे नावसुद्धा जाऊन जोयडा झाले. आज लोक तिथे नदीत राफ्टिंग करायला येतात. पाहुण्यांच्या शेजारचे एक आजोबा कोंकणी-मराठी मिसळून बोलत होते. म्हणाले, ‘‘देव आमी हाडले, पूण देवाची जागा कशी हाडपाची?’’ कुठल्या झाडाखाली कोणता राखणदार, त्याला कोणत्या महिन्यात काय द्यायचे, कोणी द्यायचे, हे सगळे त्या जागेला बांधलेले होते. माणसे उठली तसा तो क्रमही मोडला.

संस्कृतिकोशाचा दहावा खंड येऊन तोवर आठ वर्षे झाली होती. पण आधी कोणी टिपून ठेवले नसते, तर शास्त्रीबुवांनी तरी नोंद कशावरून लिहायची? कोशकार सगळ्या गावांत पोचू शकत नाही. गावाने आपले टिपण तयार ठेवायला हवे.

गोव्यात आपण धरणाने नाही तरी दुसऱ्या वाटेने तेच करीत आहोत. चवथीच्या माटोळीचेच घ्या. कवंडळ, नागकुडा, घागऱ्यो, कांगलां, सुपारीची शिपटी... यातले काय कुठल्या रानात मिळते, कशाला कुठे बांधायचे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. आमची पिढी बाजारातून तयार जुडी आणते. आमच्या मुलांना त्या फळांची नावेही येत नाहीत. धालोच्या मांडाचे, शिगम्याच्या रोमटाचे, वांगडांच्या मानाचे तेच.

वाचकहो, दहा खंडांचा कोश एखाद्याच महादेवशास्त्र्यांना जमतो. शंभर पानी वही मात्र आपल्या सगळ्यांना परवडते. त्यात गावच्या देवांची नावे, त्यांच्या जागा, विधीचे दिवस, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढे लिहा. मोठी आणि लहान दैवते असा भेद करू नका, अकारविल्हे लिहा. यंदाच्या चवथीला घरच्या माटोळीपासूनच सुरुवात करता येईल. सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम उरकायला हवे.