रेड म्हणजे काय? एकच फाईल अनेक डिस्कवर विभागली की वेग का वाढतो?

व्हिडिओ एडिटरच्या टेबलावर अनेकदा चार-पाच हार्ड डिस्क बसवलेला एक डबा दिसतो. कॉम्प्युटरला मात्र ती एकच मोठी डिस्क वाटते. इतक्या डिस्क कशासाठी? फक्त जास्त जागा मिळावी म्हणून?

नाही. यामागे 'रेड' नावाचं तंत्र आहे. त्यामुळे साठवणुकीचा वेग कित्येक पटींनी वाढू शकतो. पण चुकीचा प्रकार निवडला, तर एक डिस्क बिघडताच सगळ्या डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो.

एकटी हार्ड डिस्क कमी का पडते?

हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते आणि तिच्यावरचा डेटा एक छोटं 'हेड' वाचतं. ही तबकडी साधारण मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. आधी हेड योग्य जागी सरकायला हवं, मग हवा तो भाग फिरत त्याच्याखाली यायला हवा. दोन्ही मिळून सरासरी १२-१३ मिलिसेकंद जातात. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाईली वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० कामं उरकते.

सलग साठवलेली मोठी फाईल असेल तर वेग बराच वाढतो, पण त्यालाही मर्यादा आहे. तबकडी आणखी जोरात फिरवली तर उष्णता आणि कंपनं वाढतात. म्हणून एकाच डिस्कला पळवण्याऐवजी अनेक डिस्कना एकाच वेळी कामाला लावतात.

पंगतीत चार वाढपी

शंभर पानांच्या पंगतीत एकच वाढपी असेल तर शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचायला वेळ लागतो. चार वाढप्यांनी पानं वाटून घेतली की काम जवळपास चौपट वेगाने होतं. त्यातला कोणताही वाढपी आधीपेक्षा जास्त पळत नसतो.

डिस्कच्या बाबतीत याला 'स्ट्रायपिंग' म्हणतात. फाईलचे, समजा, ६४ किलोबाइटचे तुकडे केले जातात. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या आणि पाचवा पुन्हा पहिल्या डिस्कवर जातो.

एक डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचते असं धरू. ६० जीबीचा व्हिडिओ वाचायला तिला ६ मिनिटं ४० सेकंद लागतील. चार डिस्कवर विभागलेला तोच व्हिडिओ साधारण १ मिनिट ४० सेकंदांत वाचून होईल.

लहान फाईलींचं गणित वेगळं आहे. एखादी लहान फाईल उघडायला लागणारा वेळ यामुळे कमी होत नाही. पण एकाच वेळी अनेक जण वेगवेगळ्या फाईली मागत असतील, तर ती कामं चार डिस्कमध्ये वाटली जातात आणि रांग लवकर सरकते. सर्व्हरवर याचा मोठा उपयोग होतो.

तरीही वेग वाढला नाही तर?

स्वयंपाकघराचं दार अरुंद असेल तर चारही वाढपी दारातच अडकतात. तसंच डबा साध्या १ गिगाबिटच्या नेटवर्कने जोडला असेल, तर सेकंदाला १२५ एमबीपेक्षा जास्त डेटा येऊच शकत नाही. मग डिस्क चार असोत की आठ.

वेगासोबत धोकाही वाढतो

नुसत्या स्ट्रायपिंगला 'रेड ०' म्हणतात. यात एक डिस्क गेली तरी प्रत्येक मोठ्या फाईलचे तुकडे हरवतात. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के आहे असं धरलं, तर चारपैकी निदान एक बिघडण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या वर जाते.

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात नेमका हाच प्रश्न हाताळला. १९८८ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात त्यांनी सुचवलं की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्क वापराव्यात आणि काही जागा डेटा वाचवण्यासाठी राखून ठेवावी. 'रेड' हे नाव तिथूनच आलं. त्यांनी १ ते ५ असे प्रकार सांगितले होते. 'रेड ०' हे नाव नंतर रुळलं. त्यातलं शून्य म्हणजे सुरक्षा शून्य!

हरवलेला डेटा परत कसा मिळतो?

याची युक्ती म्हणजे 'पॅरिटी'. समजा, तीन डिस्कवर १, ० आणि १ हे आकडे आहेत. एकूण १ ची संख्या सम राहील असा आकडा चौथ्या डिस्कवर ठेवायचा, म्हणजे इथे ०. आता दुसरी डिस्क गेली, तर उरले १, १ आणि ०. १ ची संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला आकडा ० होता.

कोणता प्रकार कशासाठी?

- रेड ०: सर्वाधिक वेग, सुरक्षा नाही. फक्त तात्पुरत्या कामासाठी.
- रेड १: दोन डिस्कवर एकच डेटा. जागा निम्मी मिळते.
- रेड ५: स्ट्रायपिंग आणि पॅरिटी. एक डिस्क गेली तरी चालतं. वाचन वेगवान, पण लहान बदल लिहिणं हळू. कारण जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचून दोन्ही नव्याने लिहावी लागतात.
- रेड ६: दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो.
- रेड १०: जोडीने प्रती आणि त्यावर स्ट्रायपिंग. वेग आणि सुरक्षा दोन्ही, पण जागा निम्मी.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून डिलीट केलेली फाईल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. व्हायरस, चोरी किंवा आग यांपासूनही रेड वाचवत नाही. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढंच ते पाहतं. म्हणून घरात रेडचा डबा असला, तरी लग्नाच्या व्हिडिओची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवाच.