बोल्टांचे वर्तुळ आणि चाकाचा ऑफसेट: फोक्सवॅगन व्हॅनच्या चाकांचा इतिहास

पश्चिम जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे मार्च १९५० मध्ये फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा तिची चाके बीटल मोटारीच्याच वळणाची होती. चाक धरणाऱ्या पाच बोल्टांमधून काढलेल्या कल्पित वर्तुळाचा व्यास २०५ मिलिमीटर असे, आणि हे वर्तुळ इतके मोठे होते, की चाकाचा मधला भाग बहुतांशी मोकळाच राहून त्याची जागा ब्रेकचा ड्रम भरून काढी. १९५५ मध्ये चाक १६ इंचांवरून १५ वर आणि १९६३ मध्ये १४ इंचांवर आले, तरी हे वर्तुळ कायम राहिले. ऑगस्ट १९७० मध्ये, १९७१ च्या मॉडेलसाठी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले गेले आणि त्याच वेळी वर्तुळ ११२ मिलिमीटरचे झाले. मर्सिडीज मोटारींचे वर्तुळही तेवढेच असल्याने त्यांची चाके व्हॅनला लावण्याची वाट मोकळी झाली.

बोल्टांची भोके जुळली म्हणजे चाक जुळले, असे मात्र नव्हे. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग यांमधील अंतराला ऑफसेट म्हणतात. जर्मन भाषेतील ‘आइनप्रेसटीफे’ या शब्दावरून त्याची ‘ईटी’ ही खूण रूढ झाली. टेकण्याचा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन मानला जातो, आणि तो जितका कमी तितके चाक गाडीबाहेर सरकते. १९७९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनचे साडेपाच इंच रुंदीचे पोलादी चाक ३९ मिलिमीटर ऑफसेटचे होते, तर मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील मोटारींचा ऑफसेट ३० होता. म्हणजे मध्यरेषा ९ मिलिमीटर बाहेर जाई, आणि रिम सहा इंचांची असेल तर तिची बाहेरची कड सुमारे १५ मिलिमीटर पुढे येई. हा फरक दिसायला किरकोळ असला, तरी पुढचे चाक ज्या कल्पित अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर त्यामुळे बदलते, ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात चाक आपटताना स्टिअरिंगला बसणारी ओढ वेगळी होते, आणि बेअरिंगवरचा भार निर्मात्याने ठरवलेल्या जागेवरून बाहेर सरकतो.

याहून गंभीर प्रश्न बोल्टांचा होता, कारण व्हॅनचे मळसूत्र १४ मिलिमीटरचे, तर त्या मोटारींचे १२ मिलिमीटरचे असून बोल्टाचे गोलसर बूड चाकात ज्या खळग्यात बसते त्याचे मापही निराळे होते. शिवाय प्रवासी मोटारीसाठी घडवलेल्या रिमला भरलेल्या व्हॅनचे वजन पेलणे साधेलच असे नाही, त्यामुळे भारक्षमता हा निकष रूपापेक्षा कितीतरी आधी तपासायला हवा. जर्मनीच्या वाहन परवाना नियमांनी अशा बदलांसाठी मान्यताप्राप्त तपासनिसाची संमती आवश्यक ठरवली, आणि गरजेनुसार चाकाची मापे, ऑफसेटसह, वाहनाच्या कागदपत्रांत नोंदली जाऊ लागली.