‘एनसीएल’चे सुकाणू : पद एक, भूमिका अनेक

पुण्यातील पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले, तेव्हा देश प्रजासत्ताक होण्यास अवघे २३ दिवस उरले होते. इमारतीची कोनशिला त्याआधीच, ६ एप्रिल १९४७ रोजी, मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांनी बसवली होती. ‘एनसीएल’ या नावाने पुणेकरांना परिचित असलेल्या या संस्थेने रंगद्रव्यांपासून उत्प्रेरकांपर्यंत आणि पॉलिमरपासून इंधन-घटापर्यंत उद्योगाला लागणाऱ्या अनेक पदार्थांवर संशोधन केले. या काळात तिच्या संचालकपदी गिर्यारोहक आले, रंगरसायनतज्ज्ञ आले, अभियंते आले आणि सैद्धांतिक रसायनशास्त्राचे अभ्यासकही आले. संचालक बदलला की संस्थेची दिशा बदलते, असा समज सर्वत्र आहे. ‘एनसीएल’चा इतिहास मात्र थोडे वेगळे सांगतो. येथे संचालकाच्या कामगिरीचे खरे मोजमाप बहुधा त्याची मुदत संपल्यानंतरच झाले आहे.

पंतप्रधानांपासून प्रकल्पप्रमुखांपर्यंत

‘एनसीएल’ ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजेच ‘सीएसआयआर’ची प्रयोगशाळा आहे. परिषदेची स्थापना १९४२ मध्ये झाली. तिचे अध्यक्षपद पदसिद्ध अधिकाराने पंतप्रधानांकडे, तर उपाध्यक्षपद विज्ञान खात्याच्या मंत्र्यांकडे असते. प्रत्यक्ष कारभार महासंचालक पाहतात आणि तेच केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाचे सचिवही असतात. शांतिस्वरूप भटनागर यांच्यापासून सुरू झालेल्या या पदावर पहिली महिला येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कराईकुडी येथील विद्युत-रसायन संशोधन संस्थेच्या संचालक एन. कलाईसेल्वी यांची महासंचालकपदी नियुक्ती झाली.

प्रयोगशाळेच्या पातळीवर सर्वोच्च पद संचालकाचे. निवड समितीमार्फत होणारी ही नियुक्ती साधारणतः सहा वर्षांसाठी असते. संचालकाच्या सोबतीला दोन मंडळे असतात. संशोधन मंडळात प्रामुख्याने बाहेरचे तज्ज्ञ असतात आणि त्याचे अध्यक्षही बाहेरचेच असतात. संशोधनाची दिशा योग्य आहे की नाही, हे या मंडळाने सांगायचे. व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष स्वतः संचालक असतात. त्यात निरनिराळ्या श्रेणींतील शास्त्रज्ञांबरोबर प्रशासन व वित्त विभागाचे अधिकारी बसतात. आस्थापना, लेखा आणि भांडार-खरेदी ही तीन खाती संशोधनाशी थेट संबंधित नसली, तरी एखादे उपकरण वेळेवर येणार की नाही हे पुष्कळदा त्यांच्याच टेबलावर ठरते.

त्याखाली विभागप्रमुख आणि प्रकल्पप्रमुख येतात. येथे बाहेरच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. शास्त्रज्ञ, वरिष्ठ शास्त्रज्ञ, प्रधान शास्त्रज्ञ, वरिष्ठ प्रधान शास्त्रज्ञ आणि मुख्य शास्त्रज्ञ या श्रेणी आहेत, नेतृत्वाची पदे नव्हेत. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या मूल्यमापनातून शास्त्रज्ञ वरच्या श्रेणीत जातो. त्यासाठी वरची जागा रिकामी असावी लागत नाही. त्यामुळे मुख्य शास्त्रज्ञ असलेली व्यक्ती विभागप्रमुख असेलच असे नाही, आणि एखादा तुलनेने तरुण शास्त्रज्ञही मोठ्या प्रकल्पाची धुरा सांभाळत असतो. श्रेणी आणि जबाबदारी यांची ही फारकत संशोधनसंस्थेला सरकारी कचेरीपासून वेगळे करते.

पाया घालणारे दोघे

स्वतंत्र भारताने आपल्या या प्रयोगशाळेची सूत्रे आरंभी परदेशी शास्त्रज्ञांकडे सोपवली. पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केलेले शास्त्रज्ञ. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म पुंजके तयार करतात, ही आज पाठ्यपुस्तकात असलेली कल्पना त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडली होती.

त्यांच्यानंतर १९५२ मध्ये आलेले जॉर्ज इंगल फिंच हे विलक्षण व्यक्तिमत्त्व होते. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत त्यांनी प्राणवायूच्या नळकांड्यांचा पुरस्कार केला. त्या काळी अनेक गिर्यारोहकांना ही गोष्ट खेळाच्या नियमांत न बसणारी वाटे. फिंच यांनी जॉफ्री ब्रूस यांच्यासह आठ हजार तीनशे मीटरहून अधिक उंची गाठली आणि आपले म्हणणे सिद्ध केले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने पदार्थांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे हे प्राध्यापक १९५७ पर्यंत पुण्यात राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला एक तरुण रासायनिक अभियंता पाषाणला रुजू झाला. त्याचे नाव एल. के. दोराईस्वामी. २४ वर्षांनी तो याच प्रयोगशाळेचा संचालक होणार होता.

माटुंग्याहून पाषाणला

पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन १९५७ मध्ये आले ते मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे ‘यूडीसीटी’तून. त्या विभागाचेही ते पहिले भारतीय संचालक होते. कृत्रिम रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. कापडगिरण्यांच्या मुंबईत रंगद्रव्यांचा अभ्यास हा केवळ विद्वत्तेचा विषय नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. त्यांच्या काळात, १९६० मध्ये, सुखदेव यांनी सेंद्रिय रसायन विभागाची धुरा घेतली आणि वनस्पतीजन्य टर्पीन संयुगांच्या संशोधनात ‘एनसीएल’चे नाव झाले. संस्थेचा लौकिक संचालकाइतकाच विभागप्रमुखही घडवतात, याचे हे ठळक उदाहरण.

वेंकटरामन यांचेच विद्यार्थी बाळ दत्तात्रेय टिळक १९६६ मध्ये संचालक झाले आणि तब्बल १२ वर्षे त्या पदावर राहिले. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरील कडक निर्बंधांचा तो काळ. परदेशातून येणारे रसायन देशात कसे करता येईल, हा त्या वेळचा कळीचा प्रश्न होता. उद्योगाला तयार प्रक्रिया हवी होती आणि ती मिळण्याची जागा प्रयोगशाळाच होती. निवृत्तीनंतर टिळकांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपयोग करणारी संस्था पुण्यात उभारली, यावरून त्यांच्या दृष्टीचा कल ध्यानी येतो. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७६ मध्ये, ‘सीएसआयआर’चे महासंचालक वाय. नायुदम्मा यांच्या आग्रहावरून इंग्लंडमधील अध्यापन सोडून एक गोमंतकीय अभियंता पुण्यात आला. त्याचे नाव रघुनाथ माशेलकर.

अभियंत्याच्या हाती सूत्रे

दोराईस्वामी १९७८ मध्ये संचालक झाले आणि प्रयोगशाळेचे सुकाणू प्रथमच रासायनिक अभियंत्याच्या हाती आले. हा बदल नावापुरता नव्हता. चंचुपात्रात यशस्वी झालेली अभिक्रिया कारखान्यातील अजस्र पात्रात तशीच चालत नाही. उष्णता, दाब, प्रवाह यांची गणिते नव्याने मांडावी लागतात. ही गणिते मांडणाऱ्यांना रसायनतज्ज्ञांच्या बरोबरीचे स्थान मिळाले, हे त्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य माणसे हेरण्याचे. डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत काम केलेले पॉल रत्नसामी १९७९ मध्ये पुण्यात आले. झिओलाइट या सच्छिद्र खनिजसदृश पदार्थापासून त्यांच्या चमूने ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक बनवला. त्याच्या नावातच ‘एनसीएल’ दडलेले आहे. पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणारे पॅरा-झायलीन मिळवण्याच्या प्रक्रियेत हा उत्प्रेरक १९८५ मध्ये वडोदऱ्याच्या ‘आयपीसीएल’ कारखान्यात वापरात आला. उत्प्रेरकाचे तंत्र मूठभर परदेशी कंपन्यांच्या मुठीत असताना भारतीय प्रयोगशाळेने मिळवलेले हे यश होते. पॉलिमरतज्ज्ञ एस. शिवराम हेही दोराईस्वामींच्याच काळात, १९८८ मध्ये, उद्योगातील अनुभव घेऊन रुजू झाले. पुढे रत्नसामी आणि शिवराम दोघेही संचालक झाले. दोराईस्वामींनी आपला वारस नव्हे, तर वारसांची रांगच तयार केली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पेटंटचे पर्व

माशेलकर १९८९ मध्ये संचालक झाले आणि दोनच वर्षांत देशाने उदारीकरणाचा मार्ग धरला. प्रयोगशाळेपुढे खरा पेच आता उभा राहिला. जो कारखानदार आयातबंदीमुळे प्रयोगशाळेच्या दारी येत होता, त्याला परदेशी तंत्रज्ञान थेट विकत घेण्याची मुभा मिळाली. आयातीला पर्याय शोधणे एवढेच काम असलेल्या संस्थेचे प्रयोजनच संपुष्टात येण्याची ही वेळ होती.

माशेलकरांनी उलटा प्रश्न विचारला : परदेशी कंपनीलाच आपले ज्ञान का विकू नये? शोधनिबंध छापण्याआधी पेटंट घ्या, हा आग्रह त्यांनी धरला. पॉली-कार्बोनेट या मजबूत, पारदर्शक प्लॅस्टिकसंबंधीच्या ‘एनसीएल’च्या पेटंटचे परवाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घेतले. तंत्रज्ञान नेहमी पश्चिमेकडूनच येते, या समजुतीला तो धक्का होता. १९९५ मध्ये ते ‘सीएसआयआर’चे महासंचालक झाले आणि हाच आग्रह देशभरातील प्रयोगशाळांत पोहोचला. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणधर्मावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट परिषदेच्या हरकतीवरून १९९७ मध्ये रद्द झाले, तो लढा त्यांच्याच कारकिर्दीतील.

या यशामागे आधीच्या संचालकांची पुण्याई होती, हेही नोंदवायला हवे. पेटंटचा आग्रह नवा होता. पेटंट घेण्याजोगे ज्ञान मात्र आधीच्या दशकांत साठत आले होते.

नव्या शतकात

रत्नसामी यांच्यानंतर शिवराम यांनी २००२ ते २०१० या काळात धुरा सांभाळली. त्यांच्या कारकिर्दीत, २००७ मध्ये, प्रयोगशाळेच्या आश्रयाने ‘व्हेंचर सेंटर’ हे नवउद्योगांचे संगोपन करणारे केंद्र सुरू झाले. मोठ्या कंपनीची वाट पाहण्याऐवजी शास्त्रज्ञांनी आणि तरुण उद्योजकांनी स्वतःच कंपनी काढावी, हा त्यामागचा विचार. त्यानंतर सैद्धांतिक रसायनशास्त्राचे अभ्यासक सौरव पाल आणि स्फटिक-रचनेचे तज्ज्ञ अश्विनीकुमार नांगिया हे संचालक झाले. २०२१ मध्ये आशिष लेले यांनी सूत्रे हाती घेतली. ‘यूडीसीटी’चे विद्यार्थी असलेल्या लेले यांनी याच प्रयोगशाळेत अनेक वर्षे पॉलिमरच्या प्रवाहीपणावर संशोधन केले आणि मधली काही वर्षे खासगी उद्योगात काढली. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये ‘केपीआयटी’ आणि ‘सीएसआयआर’ यांनी मिळून विकसित केलेल्या हायड्रोजन इंधन-घटावरील बसचे अनावरण झाले. त्यामागचे इंधन-घटाचे संशोधन मात्र आधीच्या संचालकांच्या काळातच सुरू झाले होते.

पदाचे बळ आणि मर्यादा

संचालकाला वेतनश्रेणी ठरवता येत नाही, खरेदीचे सरकारी नियम वाकवता येत नाहीत आणि कोणाला किती निधी मिळणार हे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. अब्दुल हुसेन नव्हे, तर आबिद हुसेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने १९८६ मध्ये परिषदेच्या कारभाराचा आढावा घेतला, तेव्हापासून प्रयोगशाळांनी उद्योगांकडून पैसा मिळवावा, हा आग्रह वाढतच गेला. एका बाजूला लेखापरीक्षण, दुसऱ्या बाजूला उद्योगाची घाई आणि तिसऱ्या बाजूला मूलभूत संशोधनाला लागणारा निवांतपणा, अशी ही तीन टोकांची कसरत आहे.

त्याच्या हाती खऱ्या अर्थाने उरतात त्या दोन गोष्टी : कोणाला आणायचे आणि कोणाला मोकळीक द्यायची. १९५४, १९७६, १९७९ आणि १९८८ या वर्षी पाषाणच्या दारातून आत आलेल्या चार व्यक्तींनी पुढे १९७८ ते २०१० अशी सलग ३२ वर्षे संस्था चालवली. सहा वर्षांच्या मुदतीत झिओलाइट पिकत नाही. पण तो पिकवू शकणारा माणूस सहा वर्षांत नक्कीच शोधता येतो. पुढील संचालकाची निवड करताना त्याचे शोधनिबंध आणि पेटंट मोजले जातील, ते योग्यच. त्याने आजवर कोणाला घडवले, हा प्रश्नही तितक्याच आवर्जून विचारला गेला पाहिजे.

‘एनसीएल’चे संचालक

जेम्स मॅकबेन : १९५०-५२
जॉर्ज इंगल फिंच : १९५२-५७
के. वेंकटरामन : १९५७-६६
बाळ दत्तात्रेय टिळक : १९६६-७८
एल. के. दोराईस्वामी : १९७८-८९
रघुनाथ माशेलकर : १९८९-९५
पॉल रत्नसामी : १९९५-२००२
एस. शिवराम : २००२-१०
सौरव पाल : २०१०-१५
विजयमोहनन पिल्लई : २०१५-१६
अश्विनीकुमार नांगिया : २०१६-२०
आशिष लेले : २०२१ पासून