‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि मुरुडचा बहिष्कार

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांतून 1890 ते 1893 या काळांत लिहिली गेली. याच 1893 सालीं, मार्चच्या 11 तारखेस, मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनीं देवरुखच्या गोदूबाई जोशी या बालविधवेशीं पुण्यांत विवाह केला. एक कल्पित कथा, तर दुसरी रत्नागिरी जिल्ह्यांतील दोन कुटुंबांत घडलेली गोष्ट. त्या कालच्या स्त्रीपुरुषधर्माचा विचार करणारानें या दोन्ही एकत्र पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

सदर कादंबरी सर्वस्वीं उपहासात्मक नाहीं. यमूची कहाणी करुणच आहे. परंतु शंकरमामंजींच्या चित्रांत ग्रंथकारानें उपहासाचें शस्त्र उघड उपसलें आहे. बाहेर सोवळें व धर्म, आंत दुराचार, असा हा गृहस्थ; आणि पतिनिधनानंतर यमूचें बळेंच केशवपन करविणाराही तोच. येथें आपट्यांचा रोख ध्यानांत घेण्याजोगा आहे. ‘रूढि वाईट’ एवढेंच म्हणून ते थांबत नाहींत. रूढीच्या आड उभा राहून जुलूम करणारा माणूस ते बोट दाखवून पुढें आणतात.

विधवाविवाहास कायद्याची मान्यता 1856 सालींच मिळाली होती. तेव्हां अडचण कायद्याची नव्हती. प्रत्येक घरांतील पुरुष स्वतः काय करणार, ही होती. खुद्द न्यायमूर्ति रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. परंतु प्रथम पत्नीच्या निधनानंतर 1873 सालीं वडिलांच्या आग्रहापुढें त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. मोठ्या पुरुषाचीही जेथें अशी कुचंबणा, तेथें सामान्यांची कथा काय?

कर्वे 1891 सालीं विधुर झाले. पुनः लग्न करावयाचें तर विधवेशींच, हा त्यांचा निश्चय होता. गोदूबाई त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकत होत्या. विवाहास त्यांचे वडील बाळकृष्णपंत यांची संमति होती. मुरुडच्या ग्रामस्थांनीं मात्र कर्व्यांवर बहिष्कार घातला, व त्याचा जाच त्यांच्या आईस आणि भावंडांस सोसावा लागला. ज्या गांवाच्या हितासाठीं कर्व्यांनीं ‘मुरुड फंड’ उभारला होता, तेंच हें गांव!

या घटनेचें श्रेय एकट्या कर्व्यांस देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. गोदूबाई, म्हणजे विवाहोत्तर आनंदीबाई, यांनींही तो बहिष्कार सोसला. पुढें 1896 सालीं निघालेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं त्यांनीं वर्गणी गोळा केली, व आपली हकीकत ‘माझे पुराण’ या नांवानें सांगितली. ती 1944 सालीं प्रसिद्ध झाली. कादंबरींतील यमूही आपली कथा स्वमुखानेंच सांगते; परंतु तिचें पुढचें आयुष्य दुसऱ्यांनीं ठरविलें. आनंदीबाईंच्या हकीकतींत निर्णय घेणारी स्त्री दिसते.

आपट्यांच्या प्रश्नांतील ‘कोण’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. समाज, शास्त्र, सरकार यांकडे बोट दाखवून त्याचें उत्तर टाळतां येत होतें, आणि बहुतेकांनीं तें टाळलें. मुरुडच्या व देवरुखच्या या दोघांनीं तें स्वतःवर घेतलें.