उरलेले तुकडे



पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. पाच भाकरींत सर्वांना तृप्त करणाऱ्याला तुकड्यांची काय गरज? तरी त्याने ते वाया जाऊ दिले नाहीत.

आपले बुऱ्हाणपूर विणकरांचे. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावेर्निये इथे आला, तेव्हा इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले. आजही वस्त्यांमधून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. सुताची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. पण टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचेही कापड विणता येते, हे पुण्याने दाखवले.

त्या कामाची पूर्वपीठिका कचरा वेचणाऱ्या बायांची आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव, पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण अशा कार्यकर्त्यांच्या साथीने पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ज्यांना लोक चोर समजून हाकलत, त्यांना कामगार म्हणून ओळखपत्र मिळाले. २००८ मध्ये त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

भंगारवाला बाटल्या विकत घेतो. पातळ पिशव्या आणि वेफर्सची पाकिटे कुणीच घेत नाही. अमिता देशपांडे यांच्या 'रीचरखा' या पुण्यातील उपक्रमाने नेमका तोच माल उचलला. पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, रंगांप्रमाणे निवडायच्या, हाताने लांब पट्ट्या कापायच्या, चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर आडव्या धाग्याच्या जागी विणायच्या. त्या कापडाच्या पिशव्या, बटवे शिवले जातात आणि कारागिरांच्या घरी चूल पेटते.

हातमाग संथ असतो. प्लास्टिकचा डोंगर त्याने हटणार नाही. म्हणून पहिले काम नको ती पिशवी नाकारण्याचे. जी घरात आलीच, ती ओल्या कचऱ्यात न टाकता धुऊन, वाळवून वेगळी ठेवूया. खरकट्यात हात घालून ती वेचणारी व्यक्तीही देवाच्याच प्रतिरूपाची आहे. प्रभूने तुकडेसुद्धा वाया जाऊ दिले नाहीत. मग माणसे कशी जाऊ देईल?

प्रभू आपल्या हातांना हे काम शिकवो. आमेन.